वाळूतली चमकी

अंधेरीला आमच्या ऑफिससमोर खनिजांची लॅब होती. तिथला माणूस किनाऱ्यावरची काळी वाळू हलत्या टेबलावर पाण्याने धुवायचा. हलकी वाळू वाहून जाई, दुर्मिळ खनिजांचे जड दाणे मागे राहत. एकदा मी बघायला वाकले, शिंकले आणि सासूबाईंनी दिलेली नाकातली सोन्याची चमकी वाळूत पडली. हरवली तर घरी महाभारत!

"घाबरू नका ताई, जड आहे, कुठे जातेय!"

जड दाणे सुकवून त्याने लोखंड असलेले दाणे काढायला लोहचुंबक फिरवला. चमकी टक्कन त्याला चिकटली. सोनं चिकटत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याने ती शर्टाला पुसून माझ्या हातावर ठेवली.

"घाला. चुंबक काय घरी येऊन सांगणार आहे?"

घातली. सासूबाई अजून बजावतात, "अस्सल आहे गं, जप!" मी जपते.