सासूबाईंची जागा

आमच्या सामोआत घरच्या माणसाला अंगणातच पुरतात. सासूबाई सिनालेई यांनी आपली जागा हयातीतच हेरून ठेवली होती, आणि नेमकी तिथेच माझा मेहुणा टाविता आपली पिकअप उभी करायचा.

"आई, मागे नीरफणसाखाली छान सावली आहे," तो म्हणाला.

"तिथून माकेरिटाचं स्वयंपाकघर दिसत नाही." माकेरिटा आमची शेजारीण. दोघींनी आयुष्यभर एकमेकींच्या चुलीवर नजर ठेवली होती.

"मेल्यावर काय बघणार आहेस?"

"तुझ्या बापाला मागे पुरलं. बिचाऱ्याला गावाची काही खबर नाही."

एकदा टाविता पिकअप घेऊन बाहेर गेल्यावर सासूबाई तिथे चटई टाकून आडव्या झाल्या. तो परतला तरी उठेनात.

"सगळं दिसतंय," त्या म्हणाल्या. "आज तिच्या अळकुड्या करपल्यात."

"तुझ्यापेक्षा बऱ्या आहेत, म्हातारे," पलीकडून आवाज आला.

शेवटी टाविताने हात टेकले.

मागच्या महिन्यात सासूबाईंना तिथेच पुरलं. सगळ्यांत जास्त माकेरिटा रडली. दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघराच्या त्या बाजूला जाड पडदा बांधला.

"जिवंत होती तेव्हा निदान जेवायला तरी आत जायची," ती मला म्हणाली.