मेथी मागणारे सर

तंत्र विद्यापीठात नवे लागलेले एक सर वारूळवाडीत आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहतात. माणूस गोड, पण माझा काही विश्वास बसत नाही बाई. महिना झाला तरी बॅग रिकामी केलेली नाही. कपडे त्यातूनच काढायचे, धुऊन पुन्हा त्यातच ठेवायचे. काही विचारलं की, "बघू ना, आजी."

गेल्या वर्षीचे दोन सर असेच होते. तपासणीच्या कमिटीला दाखवण्यापुरते आणलेले; ती येऊन गेली आणि आठवड्यात दोघं पसार. माझी नात तिथंच शिकते; त्यांचा विषय ती मोबाइलवर शिकली आणि त्यातच नापास झाली. आता हेच सर तिला तो शिकवतात.

परवा कमिटी येऊन गेली. दुसऱ्या सकाळी सर दारात. म्हटलं, आले निरोप घ्यायला.

"आजी, मोरीच्या पाण्यावर काहीतरी लावतो. मूठभर मेथी द्याल का?"

मेथी! महिन्यात उपटून मोकळं.

"मेथी न्हाई," म्हणत मी पपईचं रोप त्यांच्या हातात ठेवलं. "हे लावा. वर्षानं फळ येतंय."

"वर्षानं?"

"व्हय. तवर पोरीची परीक्षा पण व्हईल."

सरांनी खोरं मागितलं. रोप लावलंय. माती ओली आहे का, ते मी रोज बोट घालून पाहते.