गाळलेलं पाणी

आमच्या समुद्र-संशोधन केंद्रात त्यांना सगळे मामाच म्हणायचे. काम प्रयोगशाळेतल्या मदतनिसाचं. अठ्ठावीस वर्षं दर सोमवारी सकाळी ते धक्क्याच्या टोकावरून दोरीने बादली सोडत आणि वर काढलेलं पाणी एका गोल, अतिशय बारीक छिद्रांच्या कागदातून गाळत. एक लिटर गळायला चाळीस मिनिटं लागत. तेवढा वेळ हा माणूस स्टुलावरून हलायचा नाही. डोळ्यांना न दिसणारे जीव कागदावर अडकत. कागद घडी घालून, तारीख टाकून फ्रीजरमध्ये जाई आणि खाली उतरलेलं पाणी सिंकमध्ये. जुन्या साहेबांनी पद्धतच तशी आखून दिली होती.

मी तिथलं स्टोअर सांभाळते. माझी जीभ तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते.

खाडीच्या पाण्यावर दर उन्हाळ्यात हिरवी साय धरायची. सूक्ष्म शेवाळ माजायचं आणि आठवड्याभरात आपोआप नाहीसं व्हायचं. नऊ वर्षांपूर्वी ते जायचं थांबलं. आता ते तिथेच कुजतं, पाण्यातला प्राणवायू खातं आणि मासे पोट वर करून काठाला लागतात. मामांचा धाकटा भाऊ याच खाडीत जाळं टाकायचा. त्याची होडी दारात पालथी पडली आहे.

मग केंद्रात नवीन संशोधक मॅडम आल्या. फ्रीजरमधले कागद पाहून त्यांनी मामांचे हातच धरले.

"एकही सोमवार चुकला नाही?"

मामा चक्क लाजले. दोन दिवस स्वारी हवेत होती. भावाला जाऊन सांगितलं, "सापडणार बघ आता कारण."

तिसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, "मामा, गाळलेलं पाणी कुठे ठेवलंय?"

मामांनी सिंककडे बोट दाखवलं.

मॅडमनी खुर्ची ओढून समजावलं. शेवाळाला मारणारे विषाणू होते. तेच दरवर्षी त्याला फोडून संपवायचे. आता ते खाडीत सापडत नाहीत. ते इतके लहान, की कागदातून आरपार जातात. जुनं पाणी थंडीत, अंधारात ठेवलं असतं, तर कदाचित काही जिवंत मिळाले असते.

"कधी मनात आलं नाही, थोडं ठेवावं?"

"नाही आलं, मॅडम," मामा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

साफ खोटं. पंधरा वर्षांपूर्वी ते दोन छोट्या बाटल्या घेऊन माझ्या टेबलाशी आले होते. "ताई, हे ओतून टाकायला जिवावर येतं. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दर आठवड्याची एक बाटली ठेवू का?"

तो कप्पा आमच्या जेवणाच्या डब्यांचा होता. "गाळून उरलेल्या पाण्याचं काय करणार मामा, आंघोळ?" मी म्हटलं. सगळे हसले. मामाही हसले आणि बाटल्या रिकाम्या करून, धुऊन मला परत दिल्या. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

मामा गेल्या महिन्यात निवृत्त झाले. तरी सोमवारी येतातच. खालचा कप्पा मी रिकामा करून दिलाय. गाळलेल्या पाण्याची बाटली ते तिथे ठेवतात, तारीख नीट लिहितात. त्या पाण्यात आता ते विषाणू नाहीत, हे मॅडमनी त्यांनाही सांगितलंय.

या सोमवारी मी धीर करून विचारलं, "मामा, त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंत?"

त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"ताई, ओतलं तर मीच ना."