बाजूची शिवण

पोराचं वजन वाढतंय हे तुमच्या घरात सगळ्यात आधी कुणाला कळतं? डॉक्टरला म्हणाल, तर डॉक्टर वर्षातून एकदा भेटतो. आरशाला म्हणाल, तर आरसा रोज बघतो, त्याला फरक कळत नाही. कळतं ते कपड्यांना. हुक लागत नाही, काखेत टर्रकन आवाज होतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "धुण्यात आटलं की काय?" एवढी एक खूण प्रत्येक घराला फुकट मिळालेली असते. मास्तरीणबाईंच्या घरात तीही नव्हती. कपड्यांचं तोंड त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केलं होतं.

मास्तरीणबाई म्हणजे शाळेतल्या नव्हेत, कपडे शिवणाऱ्या. शिवणारा पुरुष असला की टेलर मास्तर, मग ही मास्तरीण, असा सरळ हिशेब करून गल्लीनं ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. घराची पुढची खोली हेच दुकान. दाराशी मशीन, डाव्या हाताला कापायचं टेबल, टेबलाखाली चिंध्यांचं पोतं. पूर्वी मशीन पायानं चालायचं. पुढे बाईंचे गुडघे कुरकुरायला लागले म्हणून त्याला मोटर बसवली, आणि पायाला काम उरलं ते नुसतं अंगठा दाबायचं. सकाळी स्टुलावर बसल्या की जेवायलाच उठायच्या, आणि जेवून पुन्हा तेच स्टूल.

नवरा शाळेची व्हॅन चालवायचा. आसपासच्या गल्ल्यांतली पोरं गोळा करून शाळेत सोडायची. चालत गेलं तरी पोरांच्या गप्पा संपायच्या आत शाळा येईल, एवढंच ते अंतर. पण आईबापांना व्हॅन हवी होती आणि त्याला पोट होतं. व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर त्यांची एकुलती एक मुलगी बसायची. चिमी, वय अकरा.

चिमी हे नाव पडलं दवाखान्यात. वेळेआधी जन्मली, मुठीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलेली. नर्स रोज वजन सांगायची. वाढलं की बाई रडायच्या, घटलं तरी रडायच्या. पोर पेटीतून घरी आली, पण बाईंच्या डोक्यातून पेटी काही गेली नाही. पोरीच्या अंगावर चढलेलं मूठभर मांससुद्धा त्यांना कमाई वाटत राहिलं. ताटात एक घास उरला की तो भरवूनच उठायच्या.

डॉक्टरीणबाईंनी मागे एकदा स्पष्ट सांगितलं होतं, "वयाच्या मानानं वजन जास्त आहे. घाबरू नका, पण कानाडोळाही नको. खेळू द्या तिला. आणि हिला एकटीला पळवू नका, तुम्ही दोघंही चाला." बाईंनी मान डोलावली. घरी नवऱ्यानं विचारलं, "काय म्हणाली डॉक्टरीण?"

"सगळं उत्तम आहे म्हणाली."

आणि त्या मशीनवर बसल्या. कपडा शिवताना आत थोडं जादा कापड दाबून ठेवतात, त्याला मार्जिन म्हणतात. चिमीची उंची वाढली की स्कर्टची खालची घडी बाई चारचौघांत सोडायच्या. "बघा हो, केवढी ताडासारखी वाढतेय!" म्हणून गिऱ्हाइकांना दाखवायच्या. बाजूची शिवण मात्र पोर शाळेत गेल्यावर उसवायच्या. ब्लेडनं अलगद टाके काढायचे, बोटभर सोडायचं, पुन्हा शिलाई, वर इस्त्री. उंचीचा गाजावाजा आणि रुंदीची चोरी.

नवऱ्याचंही तेच. तो चार माणसांत मांडीवर थाप मारून सांगायचा, "लग्नातली पँट आहे ही. अजून जशीच्या तशी बसते. आपलं अंग एकदा मापलं की मापलं!" बाई सुईत दोरा ओवत बसायच्या.

चिमीला वर्गात चिडवणारी पोरं होतीच. 'रणगाडा' म्हणायची. ती कमरेवर हात ठेवून ठणकावायची, "मागच्या वर्षीचा स्कर्ट आहे हा, नीट बसतोय. वाढले कुठे मी?" खोटं बोलत नव्हती ती. तिच्याकडे पुरावा होता.

त्या वर्षी शाळेनं मुलींचा रिलेचा संघ केला. सराव व्हायचा भिंतीकडेच्या चिंचोळ्या पट्टीत, कारण उरलेल्या मैदानावर शिक्षकांच्या गाड्या उभ्या असायच्या. पोरांनी हालचाल करावी यावर मात्र दर सोमवारी भाषण. असो. चिमी फार वेगात पळायची असं नाही, पण दांडी घ्यायला मागं न बघता हात मागं धरायची आणि तिच्या हातातून दांडी कधी पडायची नाही. खेळाच्या सरांनी तिला तिसऱ्या नंबरला घेतलं. पोर हवेत होती. जेवताना चमचासुद्धा आईकडून मागं न बघता घ्यायची.

मग कारखान्यातून संघाचे ट्रॅकसूट आले. चिमीच्या जॅकेटची चेन बरगडीपाशी येऊन अडली. मुली खुसखुसल्या. सर म्हणाले, "आई टेलर आहे ना तुझी? मग कसली काळजी! सैल करून आण."

ती दप्तर फेकून दुकानात आली. "आई, कंपनीवाल्यांनी लहान शिवलंय. सैल कर."

बाईंनी सवयीनं ब्लेड घेतलं, जॅकेट उलटं केलं आणि थांबल्या. "ह्यात काही नाही गं."

"काही नाही म्हणजे?"

"मार्जिन. कारखानेवाले सोडतच नाहीत. तुझ्या स्कर्टला कसं, आत कापड असतं म्हणून मला..." आणि जीभ चावली.

चिमी काही दुधखुळी नव्हती. आत गेली, स्कर्ट बदलून आली, अंगातला काढलेला टेबलावर उलटा टाकला. बाजूच्या शिवणीला सुईच्या बारीक भोकांच्या रांगा. धुऊन धुऊन फिकट झालेल्या निळ्याशेजारी गडद निळा पट्टा, त्याच्या शेजारी आणखी गडद.

"हे कधी केलंस?"

"तू शाळेत असताना."

"मी वर्गात छातीठोकपणे सांगत होते, मागच्या वर्षीचा स्कर्ट बसतो म्हणून! सगळ्यांना दिसत होतं आई. मला सोडून सगळ्यांना."

"तुला वाईट वाटू नये म्हणून केलं गं."

"मग आता काय वाटतंय मला?" पोरीनं जॅकेट पोत्यावर भिरकावलं. "मी नाही पळणार. सांग सरांना."

तेवढ्यात किल्ल्या खुळखुळवत बाप आला. प्रकार ऐकला आणि हसून वेळ मारून न्यायला गेला. "अगं, खात्यापित्या घरची पोर तू. वाऱ्यानं उडणारी काडी थोडीच आहेस!"

चिमीनं त्याच्याकडे बघितलं, मग खाली त्याच्या पँटकडे बघितलं. "पप्पा, पँट द्या तुमची."

"आं?"

"टॉवेल गुंडाळा आणि पँट द्या."

पँट उलटी झाली. मागच्या शिवणीत मार्जिन केव्हाच संपलेलं. मध्ये चक्क दुसऱ्या कापडाची लांबट कळी, म्हणजे जोडपट्टी, घातलेली. बाप टॉवेल गुंडाळून ती कळी बोटानं चाचपत राहिला.

"अगं, ही कुणाची?"

"पोस्टमनच्या पँटमधून उरलेली," बाई म्हणाल्या.

"आणि मी चार माणसांत बोंबलत फिरतोय!"

"मी सांगितलं होतं का फिरायला?"

चिमीला हसायचं नव्हतं, पण फिस्सकन हसू आलं, आणि हसता हसता रडू. बाईंनी समजूत घातली नाही. गळ्यातली टेप काढली, पोरीच्या हातात दिली आणि हात वर करून उभ्या राहिल्या. "घे. आधी माझं घे. मोठ्यानं वाच."

चिमीनं वाचलं. मग बापाचं. तो छाती फुगवून उभा.

"श्वास सोडा पप्पा. टेपला सगळं कळतं."

शेवटी तिनं टेप स्वतःभोवती गुंडाळली आणि तोही आकडा मोठ्यानं वाचला. आकडे त्या तिघांपाशी राहू देत, आपलं त्यात काही काम नाही.

"पळेन मी," ती म्हणाली, "पण मी एकटीच का? तुम्ही दोघं नुसते बसून असता."

व्हॅन सोडता येत नव्हती. पण शिवलेले कपडे रोज संध्याकाळी गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचे असत, तेही व्हॅननंच. ते आता तिघं चालत पोचवायला लागले. पहिल्याच दिवशी कोपऱ्यावरचा दुकानदार ओरडला, "काय ड्रायव्हरसाहेब, व्हॅन विकली?"

"नाही हो, पँट उसवली!"

पाण्याच्या टाकीकडचा चढ लागला तेव्हा बाई मध्येच कुणाच्या तरी पायरीवर टेकल्या. धाप आवरेना. चिमी वरपर्यंत जाऊन परत आली, त्यांच्या मांडीवरचं गाठोडं उचललं आणि पुन्हा वर निघाली. तिला साधी धापही लागली नव्हती. घरात सगळ्यात जास्त मोडकळीला कोण आलंय, ते बाईंना त्या पायरीवर कळलं.

ट्रॅकसूट त्यांनी तशाच रंगाच्या कापडाचा नवा शिवला. माप घेतलं पोरीच्या समोर, आरशासमोर, गिऱ्हाईक बसलेलं असताना.

"मार्जिन ठेवू का?"

"ठेव की. वाढायचंय अजून मला. फक्त उसवशील तेव्हा सांग."

स्पर्धेत त्यांचा संघ शेवटून दुसरा आला. दांडी पडली नाही. वजनाचं म्हणाल तर त्यात जादू होत नसते. झाली असं कुणी सांगत आलं, तर तो काहीतरी विकायला आलाय असं खुशाल समजा. चढावर मात्र बाई आता टेकत नाहीत. वर पोचून शिव्या घालतात, पण पोचतात.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. घरात टेप असेल तर शोधा, नसेल तर सुतळी चालेल. पोराला हाक मारा, ती त्याच्या हातात द्या आणि आधी तुम्ही हात वर करून उभे राहा. पोट आत न घेता.