सरवदे मॅडम आणि निरंक

सरकारी कागदावर ‘निरंक’ हा शब्द दिसला की सरवदे मॅडम चष्मा काढून पदराने पुसायच्या. चष्मा स्वच्छच असायचा. पुसून झाला की फोन उचलायच्या आणि आम्ही ओळखायचो, आता कुठल्यातरी गावाची धडगत नाही.

परभणीच्या बाल संरक्षण कार्यालयात मी संगणकावर अहवाल भरायला लागलो, तेव्हा त्या तिथे कंत्राटी अधिकारी होत्या. गावोगावच्या समित्यांनी दर महिन्याला कळवायचं : शाळा सुटलेली मुलं किती, एकटी राहिलेली किती, कोणा मुलीचं लग्न ठरवलंय का. बहुतेक गावं एका शब्दात मोकळी व्हायची. निरंक. म्हणजे कळवण्यासारखं काही नाही. मला तो शब्द फार आवडायचा, कारण टंकायला सोपा. मॅडमना मात्र तो डोळ्यांत गेलेल्या कुसळासारखा सलायचा. “निरंक म्हंजे काय रे संतोष? त्या गावात लेकरंच न्हाईत का?”

मग त्या गावच्या अंगणवाडी सेविकेला फोन. ‘काही अडचण आहे का?’ असं त्या कधीच विचारत नसत. आधी सासूचे गुडघे, मग कापसाची वेचणी, आणि मग अगदी सहज, “बरं, ह्या आठ दिवसांत कोणतं लेकरू दिसलं न्हाई गं तुला?” पलीकडून मग एक नाव यायचं, मागोमाग दुसरं. “आकडा नको सांगू बाई, नाव सांग,” हे त्यांचं ठरलेलं. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारायचो. प्रत्येक नावामागे मला एक नवा तक्ता भरावा लागायचा.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या की मागे राहिलेल्या लेकरांच्या काळजीने मॅडमना घास गोड लागत नसे. एका वर्षी नेमकं तेव्हाच त्यांना चार दिवस प्रशिक्षणाला जावं लागलं. फोन करायची यादी त्या माझ्या हातात देऊन गेल्या. मी बरीच गावं उरकली. येलदरीकडच्या एका गावाचा फोन लागला नाही. अहवाल त्याच संध्याकाळी पाठवायचा होता. मी निरंक टंकलं आणि घरी गेलो.

परत आल्या आल्या त्यांनी उभ्यानेच कागद पाहिला. “हितं कोणाशी बोललास?”

“सेविकेशी.”

“काय म्हणली?”

“सगळं ठीक आहे म्हणाली.”

या वेळी चष्मा पुसला नाही. “ती बाळंतपणाला माहेरी गेलीय, प्रशिक्षणात कळलं मला. वीस दिवस झाले. गाडी काढ.”

जिंतूरच्या रस्त्याने त्या माझ्या मोटारसायकलवर मागे बसल्या होत्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शाळेत गुरुजींनी हजेरी उघडली. सातवीतली रेणुका पाच दिवस गैरहजर. म्हणजे मी निरंक टंकलं त्याच्या आदल्या दिवसापासून. “आईबापासंगं तोडीला गेली असंल,” गुरुजी म्हणाले. गल्लीत विचारलं तर कळलं, शाळा बुडू नये म्हणून आईबाप तिला आजीपाशी ठेवून गेले होते. आणि आजीला? तिला चुलत्याने परभणीच्या दवाखान्यात नेलं होतं. पोरगी शेजारी राहील असं चुलत्याला वाटलं. चुलता तिलाही घेऊन गेला असं शेजाऱ्यांना वाटलं. मॅडम तडक त्या घराकडे निघाल्या.

घराचं दार आतून लावलेलं होतं. मी धडाधड ठोठावलं, तसं मॅडमनी मला मागे ओढलं आणि स्वतः उंबऱ्याशी खाली बसल्या. “रेणुका, बाय, हायस का आत?”

आतून बारीक आवाज आला. “आईनं दार उघडू नको म्हणलंय.”

“बरोबर म्हणलं तुझ्या आईनं. नकोच उघडू. मी हितंच बसते.”

आणि बसल्या. तासभर बसल्या. तेवढ्यात मी गावभर पळून टोळीच्या मुकादमाचा नंबर मिळवला. त्याने उसाच्या फडातून रेणुकाच्या आईला बोलावलं. मॅडमनी फोन दाराच्या फटीशी धरला. “उघड माय, उघड,” आई रडत होती. आत काहीतरी जड सरकल्याचा आवाज झाला. पोरीने दाराला धान्याची कोठी लावली होती.

“संध्याकाळचं कोणतरी दार वाजवायलंय,” ती म्हणाली. कोण, ते तिला ठाऊक नव्हतं. मॅडमनी तिला लगेच काही विचारलं नाही. आधी शेजारून भाकरी आणि पिठलं मागवलं. तिचं खाणं झाल्यावर विचारलं, “तुला कुठं ऱ्हायाचंय?” ‘शाळेतल्या पोरींसंगं’ म्हणाली, म्हणून तिची सोय ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी असलेल्या हंगामी वसतिगृहात झाली. दार कोण वाजवत होतं याचा तपास मात्र शेवटपर्यंत लागला नाही, आणि तो विचार आला की आजही मला घाम फुटतो.

त्या महिन्यापासून आमच्या तक्त्यात एक रकाना वाढला : सेविका नसेल तर कोणाला विचारायचं? मॅडमचं कंत्राट गेल्या वर्षी संपलं, त्या चारठाण्याला आपल्या गावी गेल्या. रकाना अजून आहे.

त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. निघताना गावच्या वेशीत मी गाडी थांबवली. “मॅडम, मी सेविकेशी बोललोच नव्हतो. खोटं सांगितलं.”

“ते मला ठाऊक हाय,” त्या म्हणाल्या. “मला काय सांगायलास? तिला सांग.”

गाडी वळवली. रेणुका गुरुजींबरोबर शाळेच्या ओट्यावर बसली होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. “बेटा, तुझी चौकशी करायचं काम माझं होतं. फोन लागला नाही, म्हणून मी सोडून दिलं.”

ती मग माझीच समजूत घालावी तशी म्हणाली, “कसा लागंल, सर? आमच्याकडं फोनच न्हाई.”