दस्तगीरचाचांचं माप

दस्तगीरचाचांच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझ्या स्कूटरकडे पाहिलंसुद्धा नाही. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती टेम्पोतून उतरवून दारात उभी केली होती. चाचा स्टुलावर बसले, सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसला आणि मला म्हणाले, “इथून त्या भिंतीपर्यंत चाल. तीन वेळा. घाई करू नकोस, आणि नीट चालायचा प्रयत्नही करू नकोस.”

माझा उजवा पाय जन्मापासून बारीक आहे. मी चालायला लागले की लोक दुसरीकडे बघतात. चांगले लोक तर जास्तच पटकन बघतात. हा माणूस मात्र वाकून, डोळे बारीक करून माझ्या पायांकडेच बघत होता आणि माझं पाऊल जिथे पडेल तिथे जमिनीवर खडूनं खूण करत होता. मला इतकी लाज वाटली की तिसरी फेरी मी खाली मान घालून पूर्ण केली. ते म्हणाले, “वळताना सगळं वजन डावीकडे टाकतेस. डाव्या बाजूचं चाक दोन बोटं बाहेर घेऊ.” मग आप्पांकडे वळून, “गाडीचं माप नंतर. आधी माणसाचं.”

आप्पा मांजरी गावात उसाच्या नर्सरीवर ट्रॅक्टर चालवतात. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. दोन बस बदलून जाताना मी पहिल्या सहामाहीत तीनदा पडले होते, आणि शिक्षण सोडायचं घरात जवळजवळ ठरलं होतं. मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर हा शेवटचा उपाय होता. आप्पांना तोही पटत नव्हता. “पोरगी पडली तर? हडपसरला लई टँकर हायेत,” ते म्हणाले.

“पडेल की,” चाचा म्हणाले. “घरात बसून माणूस पडत नाही का?”

दहा दिवसांनी मी स्कूटर चालवत कॉलेजला गेले.

चाचांची शेड भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागच्या गल्लीत होती. मागे दोन खोल्यांत ते आणि मेहरुन्निसाचाची राहत. त्यांचे आजोबा पत्र्याच्या ट्रंका बनवायचे. ट्रंकांचे दिवस गेल्यावर चाचांनी अपंगांच्या गाड्यांचं काम धरलं. उंच, काटकुळी अंगकाठी, पांढरी कातरलेली दाढी, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी बारीक भोकं पडलेला निळा सदरा. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक कागद असे. त्यावर चालण्याच्या तीन फेऱ्या, हाताची पकड, मांडीची उंची, आणि खाली माप घेणाऱ्याची सही. दुकानात एक शब्द बंद होता. कुणी अडचण सांगितली आणि “बघू” म्हणालं की चाचा म्हणत, “बघू हे लग्न मोडायला म्हणतात. इथे होईल म्हणायचं, नाहीतर होणार नाही म्हणायचं.”

आरटीओचे फॉर्म इंग्रजीत भरायला त्यांना कुणीतरी हवं होतं. ते काम मी घेतलं. कॉलेज सुटल्यावर तासभर तिथे बसायची सवय लागली. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी “कॉलेज” होते. “ए कॉलेज, ब्रेक दाबतेस की ओरबाडतेस?” असं गल्लीभर ऐकू जाईल असं विचारायचे.

शेडच्या कोपऱ्यात त्यांची स्वतःची गाडी असायची. डांबरी रस्त्यावर आणि दगडधोंड्यांतही चालणारी ती उंच मोटरसायकल. पुढचं चाक मोठं, टायर खोल खाचांचे. चाचा तिला उंटीण म्हणत. मूळ गाडीतलं फारसं काही त्यांनी तसंच ठेवलं नव्हतं. उभं राहून चालवता यावं म्हणून हँडल उंच केलं होतं. दगड लागून इंजिन फुटू नये म्हणून खाली जाड ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून वाकवून बसवला होता. दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या होत्या, त्यांना ट्रंकेसारखे कोपरे आणि ट्रंकेसारखीच कडी. काढलेला मूळ भाग मात्र कधी फेकला नाही. तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर. “सुधारणा चुकली तर परत जाता आलं पाहिजे,” ते म्हणत.

दर सप्टेंबरला ते एकटे हिमालयात जात. एक नाला मात्र ओलांडायचा राहिला होता. बर्फाचं पाणी दुपारी वाढतं. ते पोचले तेव्हा पाणी सीटपर्यंत आलं होतं, म्हणून परत फिरले. तिथल्या मेंढपाळानं त्यांना सांगितलं होतं की सकाळी सहाला ये, तेव्हा पाणी गुडघ्याएवढं असतं. ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल. “सकाळी सहा,” पान्हा फिरवताना ते स्वतःशीच म्हणत. “गुडघ्याएवढं.”

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा त्यांच्या डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. आधी आम्ही चपलेलाच दोष दिला. मग पाऊल लोंबायला लागलं. डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला. तो वाढत जाईल, वर चढेल आणि त्यावर औषध नाही, असंही सांगितलं. चाचांनी ते ऐकून घेतलं, घरी आले आणि उंटीण स्टँडवर घेतली. सप्टेंबरला आठ महिने होते.

मोटरसायकलचा गिअर डाव्या पायाच्या बोटांनी वर उचलावा लागतो. बोटं उचलेनात म्हणून त्यांनी टाचेनं दाबायचा गिअर बसवला. दोन महिन्यांत टाचही ऐकेना, तेव्हा टाकीशेजारी हातानं ओढायची दांडी केली. मग डाव्या हाताची पकड सैल व्हायला लागली, तेव्हा क्लच हलका लागावा म्हणून इंजिनाकडचा त्याचा दांडा लांब केला. प्रत्येक बदल आधी पुठ्ठ्यात कापून बघत, मग पत्र्यात. काम अप्रतिम व्हायचं. आणि पूर्ण होऊन रंग वाळेपर्यंत शरीर आणखी एक पायरी उतरलेलं असायचं.

पाय जमिनीला टेकावा म्हणून त्यांनी सीटचा फोम तासला. मग मागचं सस्पेन्शन खाली घेतलं, मग पुढचं. डोंगरासाठी बनवलेली ती गाडी शेवटी इतकी खाली आली की गल्लीच्या तोंडाच्या स्पीडब्रेकरला तिचं पोट घासलं. तो आवाज शेडपर्यंत आला. चाची दारातच उभ्या होत्या. “नदी ओलांडणार आहेत,” त्या मला म्हणाल्या. “आधी गल्ली तर ओलांडू देत.” आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मी एकदा भीत भीत म्हटलं, “चाचा, बाजूला चाकं लावली तर? माझ्यासारखी?”

मला वाटलं, चिडतील. ते चिडले नाहीत. “तुझी गाडी रस्त्यावर सरळ उभी राहायला केली आहे,” ते म्हणाले. “नाल्यात चाकाखालचा दगड सरकला की गाडीला झुकावं लागतं. चार चाकं झुकत नाहीत. तिथे उलटेन मी.” मग म्हणाले, “जायचंच नसतं तर लावली असती.”

जूनमध्ये ते एकदा गाडी तपासायला म्हणून माझ्याबरोबर मांजरीपर्यंत यायला निघाले. हडपसरच्या सिग्नलला आम्ही शेजारी शेजारी थांबलो. त्यांनी डावा पाय खाली टेकवला आणि पाऊल आतल्या बाजूला दुमडलं. गाडी हळूच कलली आणि त्यांना घेऊन खाली गेली. वेग नव्हता, धक्का नव्हता. उभ्या उभ्या पडले. दोघातिघांनी धावत येऊन गाडी उचलली. एकजण म्हणाला, “काका, या वयात कशाला असली गाडी?”

“वय माझं आहे,” चाचा म्हणाले. “गाडी चार वर्षांची आहे.”

लोक हसले. त्यांच्या कोपरातून रक्त येत होतं. गाडी कडेला लावून ते फुटपाथवर बसले आणि मला म्हणाले, “सीट अजून अर्धा इंच खाली पाहिजे. चाचीला सांगू नकोस.” मी सांगितलं नाही. पण कोपरावरून चाचींनी ओळखलंच.

दुसऱ्या दिवशी चाचींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. “बेटा, डॉक्टरचं ऐकत नाहीत, माझं ऐकत नाहीत. तू सांग.”

“माझं कसं ऐकतील, चाची?”

“तुझं माप त्यांनी घेतलंय,” त्या म्हणाल्या. एवढंच.

त्याचा अर्थ मला तेव्हा नीट कळला नाही. पण फॉर्मसाठी कागदांचा गठ्ठा चाळताना मला चाचांचा स्वतःचा कागद सापडला. इतरांच्या कागदांवर फेऱ्या, खुणा, आकडे खच्चून भरलेले. त्यांच्या कागदावर महिन्यामागून महिना एकच शब्द होता: ठीक. ठीक. ठीक. जानेवारीपासून त्यांनी स्वतःचं माप स्वतःच घेतलं होतं. सगळ्या शहराच्या पायांतलं बोटभर अंतर ओळखणारा माणूस स्वतःची गाडी आठवणीतल्या पायांसाठी बनवत होता.

मी तो कागद त्यांच्यासमोर ठेवला. “चाचा, यावर माप घेणाऱ्याची सही नाही.”

त्यांनी सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसला आणि कागद वाचला. मग कानामागचा खडू काढून माझ्या हातात दिला. “घे मग.”

सकाळची वेळ होती. ते दारापासून निघाले. पहिल्या फेरीत डावं पाऊल फरशीवर घासत गेलं आणि त्याची रेघ उमटली. मला वेगळी खूण करावी लागली नाही. दुसऱ्या फेरीत त्यांनी टेबलाच्या कडेला धरलं. “धरलं असं लिही,” ते म्हणाले. मी लिहिलं. तिसरी फेरी अर्ध्यावर थांबली. मग ते गाडीवर बसले. क्लच दाबून धरायचा आणि मी दहापर्यंत मोजायचं असं ठरलं. मी मोजायला लागले. चारला क्लच सुटला. “पुन्हा,” ते म्हणाले. या वेळी तीन. “पुन्हा.” त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि दाढीखालची शीर ताठ झाली होती. तीन.

ते स्टुलावर येऊन बसले. “सांग. सप्टेंबरपर्यंत होईल?”

माझ्या ओठांवर “बघू” आलं होतं. खरं सांगायचं तर मला कुठलाही शब्द चालला असता, फक्त तो खरा नको होता. या माणसामुळे मी कॉलेजात होते. त्यांच्यामागे चाची दाराला धरून उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

“होणार नाही, चाचा,” मी म्हणाले.

“मोठ्यानं बोल. मशीन चालू नाहीये, तरी ऐकू आलं नाही.”

“होणार नाही.”

त्यांनी मान हलवली. “लिही. आणि सही कर.”

मी सही केली. ती इतकी वाकडी आली की माझी मलाच ओळखता येईना.

पुढच्या पंधरा दिवसांत त्यांनी ओळखीच्या मेकॅनिककडून, स्वतः स्टुलावर बसून, उंटीण पूर्ववत करून घेतली. माळ्यावरची पुडकी एकेक करून खाली आली. सस्पेन्शन वर गेलं, मूळचा गिअर परत लागला. हातानं ओढायची दांडी त्यांनी भंगारात टाकायला सांगितली. गाडी पुन्हा उंच झाली आणि चाचा तिच्या शेजारी फार लहान दिसायला लागले.

हिंजवडीतल्या कंपनीत काम करणारा एकजण ती घ्यायला आला. सभ्य मुलगा होता. “अंकल, या पेट्या कस्टम आहेत का? एकदम सॉलिड.”

“ट्रंका आहेत. माझ्या आजोबांनी केल्या असत्या तर अजून बऱ्या झाल्या असत्या.”

“सस्पेन्शन स्टॉकच आहे ना?”

“आता आहे. मध्ये बदललं होतं.”

“का बरं?”

“आधीचा मालक हट्टी होता,” चाचा म्हणाले.

मुलानं विचारलं नाही की तो कोण. त्यानं हेल्मेट घातलं, आम्हाला हात जोडले आणि निघाला. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळून दिसेनाशी झाली, फक्त आवाज येत राहिला. चाचा मान कलती करून ऐकत होते.

“तिसरा गिअर लवकर टाकला,” ते म्हणाले.

मग तो आवाज रस्त्याच्या आवाजात मिसळला. चाचींनी चहा आणून ठेवला. तो निवला तरी चाचांनी उचलला नाही. मी माझ्या स्कूटरची किल्ली हातात घेतली तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “कॉलेज, त्या दिवशी तू नीट बघितलं होतंस ना?”

“हो, चाचा.”

“नीट?”

“हो.”

तो सप्टेंबर चाचांनी खाटेवर काढला आणि थंडी संपायच्या आत ते गेले. मधल्या काळात मी रोज जात होते. त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही, माझ्यावर रागही धरला नाही. प्रश्न आता मीच विचारते. त्या सकाळी मी आकडे भरभर म्हटले होते की सावकाश? चारला सुटलेला क्लच खरं तर सहाला सुटला असेल का? सहा आले असते तर मी काय लिहिलं असतं? हडपसरच्या सिग्नलला थांबले की मी उजव्या हातानं ब्रेक दाबून धरते आणि मनात दहापर्यंत मोजते. एकदा भरभर, एकदा सावकाश. उत्तर दर वेळी तेच येतं: होणार नाही. तरी हिरवा लागेपर्यंत मी पुन्हा मोजत राहते.