जंतूंचा साबण

आमच्या मिस्त्रींचा हात तुम्ही कधी हातात घेतला नसेल. कुणीच घेतला नाही. आपण हात पुढे केला की ते मूठ मिटून मनगट पुढे करायचे. "मनगट धरा सर, हात खराब हाय."

औंढा रस्त्यावर त्यांचं मोटारसायकलींचं गॅरेज होतं. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. माझी गाडी रस्त्यापेक्षा त्यांच्याकडेच जास्त असायची, त्यामुळे ओळख पक्की. एकदा मी त्यांच्या अंगणातली तेलानं काळी झालेली माती डबीभर मागितली, तर ते शरमले. "न्यायची तर चांगली माती न्या की. ही काहून?"

मला तीच हवी होती. तेलावर जगायला शिकलेले जंतू अशाच मातीत सापडतात. ते स्वतःच साबणासारखा फेस तयार करतात, त्यानं तेलाचे बारीक कण होतात आणि मग ते कण हे जंतू खाऊन टाकतात. हे ऐकून मिस्त्री बराच वेळ हसत होते. "साबणानं जंतू मरत्यात म्हणून जिंदगीभर हात धुतले. अन् तुमचे जंतूच साबण करून राहिले?"

हसू ओसरल्यावर त्यांनी मला भिंतीमागं नेलं. तिथे शेजारच्या वहिनींचा कोथिंबिरीचा वाफा होता. गॅरेजचं जळकं ऑइल वर्षानुवर्षं भिंतीखालून झिरपून त्यात उतरलं होतं. पाणी टाकलं तर वरूनच ओघळून जायचं. वहिनी कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत आणि तेच मिस्त्रींना लागलं होतं.

"भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत हे नीट व्हावं, बस."

ऑइल त्या दिवसापासून पिंपात जायला लागलं. डबीतल्या मातीतले जंतू मी प्रयोगशाळेत वाढवले, ते फेसासकट आम्ही वाफ्यावर शिंपडले, शेणखत मिसळलं. माती उकरायला मात्र ते मला हात लावू देत नसत. रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतायचे आणि उकिडवे बसून बघत राहायचे.

"काय म्हणते माती?" मी विचारायचो.

"पिऊन न्हाई राहिली अजून."

असे कितीतरी महिने गेले. माझी आशा सुटत चालली होती, पण त्यांच्यापुढे तसं बोलायची माझी छाती नव्हती.

थंडीत एका सकाळी मिस्त्री उठलेच नाहीत. हा माणूस मला फार आवडायचा. त्यांना हे सांगायचं राहूनच गेलं.

पंधरा दिवसांनी मी मातीचा नमुना घ्यायला गेलो. वहिनी वाफ्यात पाणी ओतत होत्या. पाणी क्षणभर थांबलं आणि मुरलं. वहिनी रिकामा तांब्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"पिली की हो, सर," त्या म्हणाल्या. "आता सांगू कुणाला?"